खास तुमच्याकडेच

आराखडा पहिला, ज्यात काहीही चूक नव्हती

आक्काचं घशाचं ऑपरेशन सोमवारी ठरलं. गाठ साधीच होती, पण ती अशा जागी बसली होती की काढल्यावर आवाज राहील, अर्धा राहील की मुळीच राहणार नाही, हे डॉक्टरांना आधी सांगता येत नव्हतं. भाजीवाला आला नाही हे माणसं ज्या सुरात सांगतात त्या सुरात आक्काने मला हे फोनवर सांगितलं. वर ताकीद दिली, "कोणाला बोलायचं नाही. कळलं की सगळे येऊन बसतील आणि मलाच त्यांच्या चहाचं बघावं लागेल."

आक्का ही माझी थोरली बहीण. तिने उभी नोकरी बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करण्यात काढली. तिचा आवाज असा की ज्यांना त्या गाडीने जायचं नसे तीही माणसं बॅग उचलून दोन पावलं धावत. ती निवृत्त झाली, आवाज झाला नाही. त्या आवाजात मी जन्मभर बोलणी खाल्ली आहेत, शर्टाच्या इस्त्रीवरून, नोकरीवरून, एका सायकलीवरून, आणि पन्नाशी उलटल्यावर एकाएकी माझ्या लक्षात आलं की ही बोलणी पुढच्या आठवड्यात कदाचित बंद होणार. तेव्हा बेत एवढाच होता: ऑपरेशनच्या आधी जायचं, तिच्यासमोर बसायचं, तिला बोलू द्यायचं आणि ऐकायचं.

तिच्या गावाला विमान जात नाही. सर्वांत जवळच्या शहरात उतरायचं, तिथून गाडी भाड्याने घ्यायची, सरळ तिच्या दारात लावायची. मध्ये कुठेही काहीही नाही. चार दिवस निव्वळ बोलणी.

हा आराखडा आमच्या स्वयंपाकघराच्या टेबलावर सुमारे एक कप चहा संपेपर्यंत टिकला.


आराखडा दुसरा

बायको म्हणाली, "विमान माझ्या भावाच्या शहरात उतरणार आणि आपण त्याच्या दारावरून पुढे जाणार?"

हा प्रश्न नव्हता. आमच्या घरात काही वाक्यांच्या शेवटी प्रश्नचिन्ह असतं ते केवळ सभ्यता म्हणून.

मी मेव्हण्याला फोन लावला. आता इथे माझी अडचण बघा. का येताय, हे त्याने विचारलं. आक्काचं सांगायचं नाही ही ताकीद. मग सांगायचं काय? पाणीपुरवठा खात्याच्या मीटर विभागातला माणूस उगाच विमानात बसून कुठेतरी निघाला आहे, हे कोणालाही पटणार नाही. माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे, खास तुमच्याकडेच. पुढे जमलं तर आक्काकडे डोकावू."

 मेव्हण्याचा गळा दाटून आला. म्हणाला, "भाऊजी, इतक्या वर्षांत तुम्ही खास असे कधी आलाच नाहीत." आता खास आलेला माणूस रात्री मुक्काम न करता निघू शकत नाही, हे मला त्या दाटलेल्या गळ्याने कळवलं.

चारातला एक दिवस गेला.


होकायंत्र

आमच्या खालच्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात. ते जमीनमोजणी खात्यातून निवृत्त झाले आहेत आणि त्यांना सगळे रस्ते माहीत आहेत. इमारतीत त्यांना होकायंत्र म्हणतात. त्यांच्या तोंडावर कोणी म्हणत नाही, पण त्यांना ते माहीत आहे आणि आवडतं. जिन्यात कोणाच्या हातात बॅग दिसली की त्यांची तर्जनी आपोआप वर होते.

माझ्या हातात बॅग नव्हती. मी नुसता नकाशा घेऊन घरी चाललो होतो. तरी त्यांनी मला पकडलं, नकाशा जिन्याच्या कठड्यावर पसरला आणि मी आखलेल्या सरळ रस्त्यावर तर्जनी टेकवून दुःखाने मान हलवली. तो रस्ता खोदलेला आहे. कुठून कळलं? कळतं. त्याऐवजी असं जायचं, इथून वळायचं, या गावातून बाहेर पडायचं. या गावात कोणी ओळखीचं नाही ना?

या गावात पोपट होता. पोपट म्हणजे माझा कॉलेजातला मित्र. आपण जे बोलू त्यातला शेवटचा शब्द तो परत म्हणतो, म्हणून पोपट. त्याच्या गावातून त्याला न भेटता गेलो आणि ते त्याला कळलं, तर तो पुढची दहा वर्षं "न भेटता?" एवढंच म्हणत राहील. मी त्याला फोन केला. का येतोयस, त्याने विचारलं.

मी काय सांगितलं ते आता लिहीत बसत नाही.

"तुमच्याकडेच?" पोपट म्हणाला. आवाजात पाणी.

आणि काकू. धाकट्या काकांच्या पाठीमागे काकू एकट्याच असतात. कोण कोणाकडे गेलं आणि कोणाकडे गेलं नाही, हे त्यांना सगळ्या घराण्याचं तोंडपाठ आहे. होकायंत्राने नवीन रस्त्यापासून काकूंच्या गावापर्यंतचं अंतर नकाशावर नखाने मोजलं आणि म्हणाले, "हे एवढंसं." नकाशावर ते खरोखरच नखाएवढं होतं. मला पुढे आयुष्यात कधी नकाशा काढायची वेळ आली तर मी माणसांची नखं कापून घेईन.


विषयांतर, पण रजेशिवाय कोणी कुठे जात नाही

रजा विभागातल्या बाईंनी अर्ज वाचून चष्मा कपाळावर चढवला. म्हणाल्या, बहीण कुटुंबात येत नाही.

मी विचारलं, कशात येते?

त्यांनी नियम काढून पाहिले. बायको येत होती, मुलं येत होती, आई-वडील येत होते, अवलंबून असलेली आत्यासुद्धा एका पोटकलमात येत होती. बहीण "इतर" या सदरात होती आणि इतरांच्या आजारपणाला रजा नव्हती. मात्र पर्यटनाला होती. बाई भल्या होत्या. त्यांनी स्वतःच्या पेनने आजारपण खोडलं आणि वर पर्यटन लिहिलं. त्यासाठी एकाहून जास्त ठिकाणं दाखवावी लागतात, तेवढी आहेत का, असं विचारलं. मी म्हटलं, ठिकाणांची काळजी करू नका.

साहेबांनी सही केली आणि म्हणाले, "मजा करून या."

मीटर विभागात मी अनेक वर्षं मान खाली घालून बसलो आहे, पण ती मान इतकी खाली त्याआधी कधी गेली नव्हती.

वाहन परवान्याची मुदत संपलेली निघाली. परवाना कार्यालयात नवीन फोटो काढतात, आणि फोटो काढताना चष्मा काढावा लागतो, काचेत दिवा चमकतो म्हणून. मला चष्म्याशिवाय दिसत नाही. त्यामुळे कॅमेरा कुठे आहे हे न कळून मी अंदाजाने एका कपाटाकडे पाहून हसलो. फोटोत एक अनोळखी, काहीसा आशाळभूत इसम उजवीकडे कोणाची तरी वाट बघतो आहे. त्याच परवान्यावर खाली छापलेलं आहे, की या इसमाने चष्मा लावूनच गाडी चालवावी.


उड्डाण

विमानाबद्दल विशेष काही नाही. ते उशिरा निघालं आणि त्यात जागं असलेलं एकुलतं मूल माझ्या शेजारी होतं.

गाड्या भाड्याने देणाऱ्या खिडकीवरच्या मुलीने परवान्यावरचा इसम पाहिला, मग मला पाहिलं, आणि चष्मा काढायला सांगितलं. काढला. तिची खात्री पटली. मग कागद पुढे सरकवून म्हणाली इथे सही करा. इथे म्हणजे कुठे, ते मला दिसेना. चष्मा लावला तर मी मी नव्हतो, काढला तर सही टेबलावर होत होती. शेवटी बायकोने माझा हात धरून सही करवली. मागच्या रांगेतल्या लोकांनी ज्या नजरेने पाहिलं ती नजर मी माझ्या सासरेबुवांच्या डोळ्यांत लग्नाच्या वेळी पाहिली होती.

मी लहान गाडी सांगितली होती. लहान गाडी नव्हती. मुलीने हसून सांगितलं, तुम्हाला त्याच भाड्यात मोठी देते, सात जणांची. बायको खूश झाली. मीही झालो, आणि त्याबद्दल मी कोणालाच दोष देत नाही. आपण मध्यमवर्गीय माणसं. फुकट मिळालेल्या वस्तूला आपण कधी विचारत नाही की बाई, तू पुढे काय करणार आहेस.

तिने माझा फोन गाडीला जोडूनही दिला. आता फोन आला की आवाज थेट गाडीतून येईल, म्हणाली, हात मोकळे राहतात.


मेव्हण्याकडे

मेव्हणा कंत्राटदार आहे आणि त्याचं स्वतःचं घर गेली कित्येक वर्षं बांधून होत आलं आहे. त्याच्याकडे जाणं म्हणजे बसणं नव्हे, उभं राहणं. उभं राहून फरशी बघायची, ती बसवण्याआधी कुठली होती ते ऐकायचं, ती काढून पुढे कुठली बसवणार तेही ऐकायचं. आम्हाला दिलेल्या खोलीला दार नव्हतं. चौकट होती. रात्रभर मी त्या चौकटीतून मेव्हण्याला बॅटरी घेऊन ओल तपासत फिरताना बघत होतो.

सकाळी निघायचं म्हटलं तर तो गाडीभोवती फेरी मारून आला आणि आत डोकावला.

"एवढी मोठी गाडी रिकामी नेणार?"

माझ्या सासरच्या घराण्यात पाहुण्याला पोचवायला जायची पद्धत आहे. माझे सासरे फाटकापर्यंत यायचे. त्यांचा मुलगा कोपऱ्यापर्यंत येतो. त्या दिवशी तो महामार्गावरच्या फरशीच्या दुकानापर्यंत यायला निघाला, तिथून बसने परतणार होता. आक्काला भेट म्हणून त्याने एक वॉश बेसिन आणलं. एका गिऱ्हाइकाने परत केलेलं, कडेला टवका उडालेला सोडला तर अगदी नवं. ते डिकीत आडवं बसेना, उभं बसेना, म्हणून मागच्या सीटवर मेव्हण्याने मांडीवर घेतलं.

फरशीचं दुकान बंद होतं.

"ठीक आहे," मेव्हणा म्हणाला, "तुमच्या मित्राच्या गावातून बस मिळते."


पोपटाकडे

मुक्काम. जेवण. जुने दिवस. जुने दिवस मी सांगायचो आणि शेवटचा शब्द पोपट सांगायचा. मेव्हणा त्यांच्या न्हाणीघराची ओल बघून आला आणि घरातलं वातावरण गंभीर झालं.

त्या रात्री भाचसुनेचा फोन आला. आक्काची सून मला मामा म्हणते. ती म्हणाली, "मामा, आईंचा आवाज आणखी बसलाय. तुम्ही कधी पोचताय?" मी म्हटलं परवा. फोन ठेवून मी हिशेब केला. परवा म्हणजे शनिवार. चाराचे दोन राहिले होते. तरी दोन दिवस म्हणजे काही थोडे नव्हेत, आक्का दोन दिवसांत माझी सायकलीपासून सगळी पापं मोजू शकते, अशी मी स्वतःची समजूत घातली.

सकाळी पोपट बॅग घेऊन गाडीपाशी उभा होता. म्हणाला, काकूंना भेटून किती वर्षं झाली. मेव्हणा आणि तो मिळून तिथून बसने परततील.

"बसने," मी म्हणालो. प्रवासाच्या तिसऱ्या दिवशी मीच पोपट झालो होतो.


काकूंकडे

नखाएवढं अंतर जायला दुपार गेली.

काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी आम्हाला उतरताना मोजलं, आणि मोजून झाल्यावर चेहऱ्यावर असं समाधान पसरलं, जणू एवढा लवाजमा आयुष्यात त्यांच्यासाठी कधी आला नव्हता. त्यांनी माझ्या गालावर हात ठेवला. "खास आलास रे."

पुढे काय झालं ते हुशार वाचकाने ओळखलं असेल, माझ्या बायकोने तर आदल्या रात्रीच ओळखलं होतं. सकाळी काकूंची घडीची खुर्ची आणि त्यांची उशी डिकीत आधीच ठेवलेली होती. त्यांना दुसऱ्या उशीवर झोप येत नाही. आक्काला बघून फार दिवस झाले म्हणाल्या, आणि गाडी रिकामीच तर चालली आहे.

गाडी रिकामी नव्हती. पण सीट शिल्लक होती, आणि आमच्यात रिकामी सीट म्हणजे आमंत्रण.


जे मी बोललो नाही

गाडी चालवताना मला बऱ्याच गोष्टी सुचत होत्या. मेव्हण्याला म्हणावं, बाबा रे, बेसिन घेऊन उतर. पोपटाला म्हणावं, तुझी बस चुकेल. काकूंना म्हणावं की तुम्ही सगळे मला आवडता पण या आठवड्यात नाही, या आठवड्यात माझी बहीण तिचा आवाज घेऊन माझी वाट बघते आहे आणि मी तो आवाज फरशी, ओल आणि जुने दिवस यांच्यात थोडा थोडा खर्च करत चाललो आहे. यातलं एकही वाक्य मी बोललो नाही. मी म्हटलं, "काच खाली करू का थोडी?"


गाडीत, शनिवारी सकाळी

काकू मागच्या रांगेतून तृप्तपणे म्हणाल्या की आजकाल कोण कोणासाठी एवढं करतं. पोराने खास त्यांच्यासाठी विमानाचं तिकीट काढलं.

"तुमच्यासाठी?" मेव्हणा बेसिनमागून म्हणाला.

"खास?" पोपट म्हणाला.

 यानंतर इंजिनसुद्धा हळू बोलायला लागलं. बायको खिडकीबाहेरचं एकसारखं दिसणारं शेत असं बघत होती जणू तिला ते विकत घ्यायचं आहे. आरशात मला तिघे दिसत होते. तिघेही एकमेकांकडे बघत नव्हते आणि माझ्या मानेकडे बघत होते.

"म्हणजे आम्ही सगळे वाटेतले," काकू म्हणाल्या.

त्यांनी हे रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं. मी तोंड उघडलं. काय बोलणार होतो देव जाणे, कारण तेवढ्यात फोन वाजला. तो गाडीला जोडलेला होता, त्यामुळे भाचसुनेचा आवाज चारी बाजूंनी एकदम आला, आणि मला तो थांबवायचं बटण सापडेपर्यंत तिने सगळं सांगून टाकलं.

"मामा, ऑपरेशन उद्या सकाळीच घेतलंय. सोमवारी डॉक्टर नाहीत. आईंना आज संध्याकाळीच दवाखान्यात दाखल करायचंय. उद्यानंतर आवाजाचं काही सांगता येत नाही म्हणतात. तुम्ही कुठवर आलात?"

मी सांगितलं कुठवर. फोन बंद झाला.

आता दोन दिवसांची एक दुपार उरली होती.

 मग मी सगळं सांगितलं, ताकीदसुद्धा. समोर रस्ता होता हे बरं, माणसाला कुठेतरी बघता येतं. काकूंनी ऐकून घेतलं आणि पुढे वाकून माझ्या सीटच्या पाठीवर हात ठेवला.

"हे तू फोनवर एका वाक्यात सांगितलं असतंस ना," त्या म्हणाल्या, "तर मी तुला चहासुद्धा विचारला नसता. दारातून हाकलला असता पुढे. आम्ही काय एवढी वाईट माणसं आहोत?"

मेव्हणा म्हणाला त्यानेही हाकललं असतं. बेसिन तेवढं दिलं असतं.

"हाकललं असतं," पोपट म्हणाला.

माझ्या बायकोने शेत विकत घेण्याचा विचार सोडला आणि मला पाण्याची बाटली दिली. त्या घोटाबरोबर माझ्या लक्षात आलं की प्रत्येकाला खास करण्याच्या भानगडीत जिला खरंच खास भेटायचं होतं तिच्यासाठी मी जेवण उरकण्याएवढा वेळ ठेवला आहे. आणि जी एकच गोष्ट तिने करू नको म्हणून सांगितली होती, ती आता पाच माणसं, एक बेसिन, एक खुर्ची आणि एक उशी अशा स्वरूपात तिच्या दाराकडे ताशी बऱ्याच वेगाने चालली होती.


आक्काकडे

आक्का दारात आली. गाडीतून एकामागून एक माणसं उतरताना तिने पाहिली. शेवटी बेसिन उतरलं. तिने माझ्याकडे जी नजर टाकली तिच्यात एक पूर्ण घोषणा होती, फलाट क्रमांकासकट. पण तोंडाने ती, धाग्यासारख्या बारीक, मध्येच तुटणाऱ्या आवाजात एवढंच म्हणाली, "हातपाय धुऊन घ्या."

झालं. तेवढंच.

कारण त्यानंतर तिला कोणी बोलूच दिलं नाही. आजाऱ्यावर माया करायची ही कोणती रीत आहे मला माहीत नाही, पण तिने तोंड उघडलं की तीन तळवे वर होत. आक्का, तुम्ही बोलू नका. आवाज जपा. खुणेने सांगा. शिवाय बिघाड तिच्या घशात असताना सगळे तिच्याशी मोठ्याने आणि सावकाश बोलत होते, जणू तिला ऐकू येत नाही. मेव्हण्याने तिला बेसिनचे फायदे ओरडून सांगितले. काकूंनी त्यांच्या एका शेजारणीच्या ऑपरेशनची हकिगत सांगितली, जी शेवटाकडे वळायला लागल्यावर त्यांच्या लक्षात आलं की शेवट सांगण्यासारखा नाही, म्हणून त्यांनी मधूनच पुन्हा सुरुवात केली. आक्का खुणेने चहा सांगत होती, खुणेने ताटं मांडायला सांगत होती, कोणाला काय कमी पडलं ते भुवयांनी सांगत होती. मी पंगतीच्या टोकाला बसून ते बघत होतो. इतक्या लांब आलो होतो ऐकायला. घरात एवढा आवाज होता, आणि हवा होता तो सोडून सगळ्यांचा होता.

जेवणं झाली. भाचसून आतल्या खोलीत दवाखान्याची पिशवी भरत होती. आक्का उठली, टेबलावरची गाडीची किल्ली उचलून माझ्या हातात दिली आणि बाहेर बोट दाखवलं. शेजाऱ्यांच्या फाटकासमोर गाडी आली असणार. मी मुकाट्याने बाहेर गेलो. गाडी कोणाच्याही फाटकासमोर नव्हती. मी दार उघडून आत बसलो, तर पलीकडचं दार उघडून आक्का बसली आणि तिने दार लावून घेतलं.

"काच वर कर," ती म्हणाली.

मी केली.

"पलीकडची पण." मग तिने श्वास घेतला. "आता कोणी हात वर केला तर मी चावेन. सांग, मेव्हण्याचं घर झालं का बांधून?"

मी म्हटलं, आक्का, ते राहू दे, मी तुझं ऐकायला आलोय. ती म्हणाली माझं काय ऐकायचंय, मी घरातच तर असते, तू हिंडून आलास, तू सांग. म्हणून मी सांगायला लागलो. फरशी, चौकट, ओल. पोपटाकडे काय झालं. काकूंकडे पडदे कसले होते, हे तिने विचारलं. मला आठवेना. खोल्या तरी किती होत्या? सांगता येईना. ती वैतागली.

"तुला पाठवून काय उपयोग? डोळे गाडीत ठेवून जातोस का? पडदे निळे असणार, त्यांचं धाकट्या काकांच्या वेळेपासून निळंच आहे सगळं, आणि ते का निळं आहे हे तरी माहीत आहे का तुला?"

मला माहीत नव्हतं. आणि ती सांगायला लागली. आवाज खरवडलेला होता, मधूनच नाहीसा व्हायचा आणि पुढच्या शब्दाला परत सापडायचा, पण खाली तोच होता, माणसांना बॅगा उचलायला लावणारा. मी मान मागे टेकवली. बंद काचांमधून दुपारचं ऊन येत होतं. धाकट्या काकांनी पहिल्या पगारात काकूंना घेतलेलं लुगडं निळं होतं. मग काका दुकानात गेले. मग दुकानदार म्हणाला.


जाग आली तेव्हा ऊन मांडीवरून गुडघ्यावर उतरलं होतं आणि आक्का बोलत होती.

"...आणि म्हणून म्हणते, तेवढं लक्षात ठेव. कळलं?"

"कळलं," मी म्हणालो.

"काय कळलं?"

 त्या क्षणी माझ्या मनात काय झालं ते या गोष्टीच्या एकंदर स्वभावाला धरून नाही, म्हणून सोडून देतो. इतकी दमणूक करून, इतक्या माणसांना दुखवून जे ऐकायला आलो होतो, त्यात मी झोपलो होतो. मी तिला तसं सांगितलं. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

"माहीत आहे," आक्का म्हणाली. "घोरत होतास. म्हणून तर नीट बोलता आलं. आज पहिल्यांदा मध्ये कोणी बोललं नाही."

"काय सांगत होतीस? पुन्हा सांग ना."

"आवाज काय रस्त्यावर पडलाय?"

भाचसून पिशवी घेऊन बाहेर आली. तिच्यामागून बाकीचे आले आणि कोणी न सांगता, सवयीने, आपापल्या जागी चढले. बेसिन तेवढं या वेळी घरात राहिलं. मेव्हण्याच्या मांडीवर आता पिशवी होती. काकूंनी आक्काला बोलू नको म्हणण्यासाठी तळवा उचलला, मग काय वाटलं कोण जाणे, तो खाली घेतला आणि आपल्याच मांडीवर ठेवला. मी गाडी सुरू केली.

दवाखान्याचा रस्ता मला माहीत होता. त्या गावात तो एकच मोठा रस्ता आहे. पहिल्या कोपऱ्यावर मी गाडी हळू केली आणि विचारलं, "आक्का, इथून कुठे?"

तिने माझ्याकडे पाहिलं.

"डावीकडे," ती म्हणाली. "डावी कोणती ते तरी ठाऊक आहे ना?"

मागे कोणी एक शब्द बोललं नाही. पुढच्या कोपऱ्यावर मी पुन्हा विचारलं.